अकरा किलो

साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुलै २०२४ मध्ये वाघनखं आली आणि रांगा लागल्या. माझे पाय मात्र चिलखतापाशीच थबकले. एकेक कडी शेजारच्या कड्यांत ओवलेली. तलवारीचा वार अशा जाळीवर पसरतो, घसरतो. कट्यारीचं टोक मात्र सगळा जोर एकाच कडीवर आणतं. ती उघडली की आत थेट माणूस. तरी प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाच्या वारापासून अंगरख्याखालच्या चिलखतानं शिवाजी महाराजांना वाचवलं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. बंदुकीपुढे मात्र ही जाळी हरली.

आजच्या चिलखताचं काय, हे विचारायला अपशिंगे मिलिटरी गावात गेले. पहिल्या महायुद्धात या गावाचे ४६ जवान पडले. तिथल्या एका निवृत्त हवालदारांनी पहिलंच वाक्य टाकलं, "अकरा किलो. नुसतं जाकीट. रायफल, मॅगझिना, पाणी येगळं."

शेजारी त्यांचे शिराळ्याचे मेव्हणे बसले होते; दोघंही काश्मिरात राहून आलेले. जॅकेटातली सिरॅमिक प्लेट कशी तपासायची ते हवालदारांनी फरशीच्या दोन तुकड्यांवर दाखवलं. बोटाच्या पेरानं टकटक केली. धड तुकडा खणखणला, तडकलेला बद्द वाजला. ही प्लेट अतिशय कठीण असते. गोळी तिच्यावर फुटते, तुकडे मागच्या धाग्यांच्या थरांत अडकतात. पण गोळी फोडताना प्लेटही तडकते; दुसरी गोळी त्याच जागी बसली तर भरवसा नाही. प्लेट खडकावर आपटली तरी चीर जाते आणि वरच्या कापडामुळे ती दिसतच नाही.

गोळी अडली तरी धक्का उरतो. चाचणीत जॅकेटमागे माती ठेवून खड्डा मोजतात. अमेरिकी मानकात ४४ मिलिमीटरपर्यंतचा खड्डा चालतो. मी पट्टीवर तेवढं अंतर दाखवलं, तेव्हा मेव्हण्यांनी न बोलता आपल्या बरगडीवर बोट टेकवलं.

काश्मिरात पोलादी गाभ्याच्या गोळ्या आल्या, तशा प्लेटाही कणखर कराव्या लागल्या. कणखर म्हणजे बहुधा जड. जड जॅकेटात दम लागतो, नेम धरताना खांदा अडतो, झटकन आडवं होता येत नाही. "चढाला काही पोरं मागची प्लेट काढून ठेवायची," हवालदार म्हणाले. मला त्या पोरांना बेशिस्त म्हणवत नाही. अकरा किलो घेऊन रात्रभर चढणाऱ्याचा श्वास कुठल्याच मातीत मोजला जात नाही. आणि एवढं वाहूनही मान, काख, जांघ उघडीच.

निदान त्यांच्या अंगावर काहीतरी होतं. सातारा जिल्ह्यातल्याच केडंब्याचे तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हाती फक्त लाठी असताना दहशतवादी कसाबच्या रायफलीला भिडले. ते स्वतः लष्करातून निवृत्त होऊन पोलिसात आले होते. अशोकचक्र मरणोत्तर मिळालं. त्यांच्या शौर्याबद्दल बोलताना त्या रात्रीच्या उघड्या छातीबद्दलही बोललं पाहिजे.

कानपूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं २०२१ मध्ये १०.४ किलोचं जॅकेट ९ किलोंवर आणलं. सप्टेंबर २०२४ मध्ये आयआयटी दिल्लीबरोबरचं 'अभेद' जॅकेट जाहीर झालं: किमान ८.२ किलो, ३६० अंश संरक्षण. मी हे वाचून दाखवलं. हवालदारांनी मनातल्या मनात वजाबाकी केली.

"पावणेतीन किलो कमी. लई झालं," ते म्हणाले. "पर मोजताना काट्यावर नको. एका जवानाला घालून अजिंक्यतारा चढवा, मग वर नेम धरायला सांगा."