घटस्फोटाची नक्कल : बीड जिल्ह्यात कुठे आणि कशी

जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत होते. लग्नाची नोंद महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाखाली विवाह निबंधकाकडे होते. घटस्फोटाची मात्र अशी नोंदवही कोणत्याच कार्यालयात नसते. तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रात ‘घटस्फोटाचा दाखला’ मागायला गेलेला माणूस म्हणूनच हात हलवत परत येतो. न्यायालयाचा हुकूमनामा हाच दाखला, आणि तो ज्या न्यायालयाने दिला त्याच्याच दप्तरात सापडतो.

या कागदाची गरज बहुधा वर्षांनी पडते. दुसऱ्या लग्नाची नोंदणी, पासपोर्टमधील बदल, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज, अशी कामे निघतात आणि जुनी पिशवी उघडली जाते. २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीसाठी पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, तेव्हा ज्यांना तो देता येत नव्हता अशा घटस्फोटित महिलांकडून न्यायालयीन आदेशाची प्रत मागवण्यात आली. पिशवीत तेव्हा निघते ती बहुधा वकिलाने दिलेली धूसर झेरॉक्स. ती माहितीपुरती ठीक, पुरावा म्हणून चालत नाही.

शोधाची पहिली पायरी म्हणजे न्यायालय ठरवणे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १९ नुसार याचिका लग्न जिथे लागले तिथे, विरुद्ध पक्ष राहतो तिथे, पती-पत्नी शेवटी एकत्र राहिले तिथे, आणि अर्जदार पत्नी असेल तर ती राहते तिथेही दाखल करता येते. पत्नीची ही सोय २००३ च्या दुरुस्तीने आली. बीडच्या बाबतीत हे कलम नीट वाचावे लागते, कारण हा जिल्हा वर्षातले काही महिने बाहेर असतो. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि कामधंद्यासाठी पुण्यात स्थिरावलेली कुटुंबेही थोडी नाहीत. लग्न गेवराईला, संसार पिंपरी-चिंचवडला आणि माहेर पाटोद्याला असेल, तर फाईल बीडमध्ये असेल तशी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातही असू शकते. त्यातही पत्नीच्या अर्जावरून प्रकरण मध्येच दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग झालेले असू शकते. अशा वेळी निकाल देणारे न्यायालय महत्त्वाचे, दावा जिथे दाखल झाला ते नव्हे.

जिल्ह्याच्या आत जिल्हा न्यायालय बीडला आहे, अंबाजोगाई आणि माजलगावला अतिरिक्त जिल्हा न्यायालये आहेत, आणि त्याखाली तालुक्यांची दिवाणी न्यायालये. घटस्फोटाच्या याचिका सामान्यतः दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. वरिष्ठ स्तर प्रत्येक तालुक्याला नसतो. त्यामुळे पक्षकार आष्टीचे म्हणून फाईल आष्टीलाच असेल, हा अंदाज चुकू शकतो. १९८४ च्या अधिनियमाखाली एखाद्या क्षेत्रासाठी कौटुंबिक न्यायालय स्थापन झाले, की तिथले चालू वैवाहिक दावे त्याच्याकडे जातात आणि त्यांना नवा क्रमांक पडतो. हाती फक्त जुना क्रमांक असला की शोध इथेच अडतो.

न्यायालयात जे सापडणारच नाही तेही आधी बाजूला काढलेले बरे. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर पंचांच्या सह्यांनी झालेली सोडचिठ्ठी किंवा फारकत ही न्यायालयीन नोंद नव्हे, मग ती नोटरीकडून करून घेतलेली का असेना. हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २९(२) रूढीने होणारा काडीमोड मान्य ठेवते, पण आपल्या समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. मुस्लिम कुटुंबात न्यायालयाबाहेर झालेल्या तलाकची किंवा खुलाची फाईल न्यायालयात नसते. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियमाखाली पत्नीने दावा केला असेल, तरच हुकूमनामा मिळतो. तिसरा घोळ पोटगीचा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) मिळालेला पोटगीचा आदेश किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणातला आदेश म्हणजे घटस्फोट नव्हे. ‘कोर्टातून सुटका झाली’ असे घरात वर्षानुवर्षे सांगितले जाते आणि कागद पाहिला तर तो पोटगीचा निघतो. लग्न कायद्याने तसेच असते.

न्यायालय ठरले की क्रमांक शोधायचा. हिंदू विवाह याचिकेला ‘एच.एम.पी.’ म्हणतात, तिच्यापुढे क्रमांक आणि वर्ष असते. संगणकीकरणानंतरच्या प्रत्येक प्रकरणाला याशिवाय सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो : पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन अंक त्या न्यायालयाचे, सहा अंक प्रकरणाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. तो हाती असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर प्रकरणाची स्थिती लगेच दिसते. नसेल तर पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने शोध घेता येतो. मात्र ‘निकाली’ हा पर्याय निवडायला हवा, नाहीतर यंत्रणा फक्त चालू प्रकरणांत शोधत बसते.

नावाने शोधताना धीर लागतो. ‘चव्हाण’ इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. पत्नीचे नाव कधी माहेरच्या आडनावाने असते, कधी सासरच्या. मराठवाड्यातल्या कागदांत पित्याच्या नावाआधी ‘पि.’ आणि नवऱ्याच्या नावाआधी ‘भ्र.’ लिहिण्याची पद्धत आहे. तोच मजकूर इंग्रजीत जाताना त्याची काय गत होईल सांगता येत नाही. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा आडनावाची पहिली चार-पाच अक्षरे टाकून आलेली यादी डोळ्यांखालून घालणे फायद्याचे. प्रकरण सापडले तरी वैवाहिक वादातले आदेश वाचायला खुले असतीलच असे नाही. संकेतस्थळाचा खरा उपयोग न्यायालय, क्रमांक आणि निकालाची तारीख मिळवण्यापुरता. उघडलेला निकाल छापून घेतला तरी ती प्रमाणित प्रत होत नाही.

प्रमाणित प्रत, म्हणजे रोजच्या बोलीतली ‘नक्कल’, त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळते. अर्जात प्रकरणाचा क्रमांक, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख आणि नेमके कोणते कागद हवेत ते लिहायचे असते. कोर्ट फीचे तिकीट लावायचे आणि नकलेच्या खर्चापोटी रक्कम भरायची. कागदांची नावे मोघम लिहिली की काम लांबते. निकालपत्रात न्यायाधीशांची कारणे असतात, हुकूमनाम्यात फक्त आदेश : विवाह अमुक तारखेपासून विच्छेदित. दोन्ही मागावीत, कारण काही कार्यालये एकावर भागवत नाहीत. परस्पर संमतीच्या, म्हणजे कलम १३-ब च्या घटस्फोटात तडजोडीच्या अटींचा कागदही घ्यावा. मुलांचा ताबा, एकरकमी पोटगी, दागिने हे सगळे त्यात असते. प्रत्येक कागदाला फाईलमध्ये निशाणी क्रमांक असतो आणि तो अर्जात दिला की कागद चटकन हाती लागतो.

मिळालेली नक्कल जागेवरच तपासावी. शेवटच्या पानावर ती खरी प्रत असल्याचा शेरा, अधिकाऱ्याची सही, हुद्दा, तारीख आणि न्यायालयाचा शिक्का हवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७५ ची ही अट आहे. त्याच पानावर अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली, या तारखाही असतात. त्या वरवर कारकुनी वाटतात, पण अपिलाची मुदत मोजताना नक्कल तयार होण्यात गेलेला काळ वगळला जातो आणि तो याच तारखांवरून ठरतो.

इथे एक हक्क बहुतेकांना ठाऊक नसतो. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३(४) नुसार घटस्फोटाचा हुकूमनामा दिल्यावर न्यायालयाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची असते. निकालाच्या दिवशी ती मागून घेतली तर पुढचा बराच खटाटोप वाचेल. महिलांना घटस्फोट व पोटगीच्या दाव्यांत न्यायालयीन शुल्क माफ करणारी राज्याची अधिसूचना १९९४ पासून आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणाऱ्या मोफत वकिलासाठी महिलेला उत्पन्नाची अट नाही; १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावरही चौकशी करता येते.

पक्षकाराला नक्कल हक्काने मिळते. त्याचा वकीलही अर्ज करू शकतो. तिऱ्हाइताला मात्र कारण सांगून आणि प्रतिज्ञापत्र देऊन न्यायालयाची परवानगी काढावी लागते. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२ नुसार त्याखालची सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा तपशील छापणे हा दंडनीय गुन्हा आहे. स्थळ पाहताना समोरच्याच्या पहिल्या लग्नाचे कागद परस्पर काढू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्यापेक्षा ज्याचा घटस्फोट झाला आहे त्यालाच प्रत मागणे सरळ. माहिती अधिकाराची वाटही इथे बंद आहे : न्यायालयीन नकलांसाठी उच्च न्यायालयाचे नियम असताना त्या माहिती अधिकारात मागता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात मार्च २०२० मध्ये ठरवले.

बीडच्या परिस्थितीत सर्वांत नाजूक फाईल असते ती एकतर्फी निकालाची. बाई कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेली, गावच्या पत्त्यावर नोटीस आलेली, आणि निकाल तिच्या गैरहजेरीत लागलेला. अशा वेळी फक्त हुकूमनामा काढून भागत नाही; नोटीस कोणाला दिली, कोणी घेतली, की दाराला चिकटवली, याचा बजावणी अहवालही काढावा. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची मुदत तीस दिवसांची आहे, पण नोटीस रीतसर बजावलेली नसेल तर ती निकाल कळल्या दिवसापासून मोजतात. तेव्हा निकाल कधी आणि कसा कळला, हे सिद्ध करण्याची तयारी हवी.

जुन्या प्रकरणांत रेकॉर्ड रूमचा संबंध येतो. निकाली फाईलमधले किरकोळ कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. निकाल आणि हुकूमनामा त्याहून कितीतरी जास्त काळ जपतात. वर्ष नक्की नसेल तर निकाली प्रकरणांच्या नोंदवहीतून शोध घेण्याची विनंती करावी लागते. १९५५ च्या मागे जाऊन हिंदू घटस्फोट शोधण्यात फारसा अर्थ नाही. जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात, नंतर हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे मुंबई प्रांताचा १९४७ चा घटस्फोट कायदा इथे लागूच नव्हता. निजामी अमलातले दिवाणी दप्तर उर्दूत आहे आणि त्यात अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद असे सापडते.

अपील झाले असेल तर खालच्या न्यायालयाचा कागद शेवटचा नसतो. दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात, तर कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अपील जाते. म्हणून पुनर्विवाहाची नोंदणी करताना हुकूमनाम्यासोबत, अपील झाले नाही किंवा फेटाळले गेले, एवढे दाखवणारा कागदही जवळ असावा. नक्कल परदेशी व्हिसासाठी किंवा तिकडच्या लग्नासाठी हवी असेल, तर तिच्यावर आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल घ्यावे लागते. त्यासाठी ताजी, स्पष्ट शिक्क्याची प्रत काढलेली बरी, कारण पुसट शिक्का साक्षांकनाच्या खिडकीवरूनच परत येऊ शकतो.