द्रोण, द्रोणी आणि तळ

पंगतीत आमटी वाढावयाचा पानांचा द्रोण आणि विहिरीकाठी गुरांना पाणी पाजावयाची दगडी डोण, हे दोन्ही शब्द एकाच संस्कृत कुळातले. आणि हवेच्या कमी दाबाच्या लांबोळ्या पट्ट्यास नाव द्यावयाचे झाले तेव्हा हवामानशास्त्रानेही ‘द्रोणी’ हा त्याच घरचा शब्द उचलला, ही मला मराठी परिभाषेची पुण्याई वाटते.

आळंदीच्या घाटावरून इंद्रायणीत खडा टाकला, की तरंगाचे शिखर आणि त्याच्या पाठोपाठचा गर्त, म्हणजे पाण्यातली द्रोणी, एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. लाट पुढे जाते. पाण्याचा कण मात्र जागच्या जागी वर्तुळात फिरतो, शिखरात असताना लाटेच्या दिशेने आणि गर्तात असताना नेमका उलट.

हवेतील द्रोणी अशी डोळ्यांना दिसत नाही. ती समदाब रेषांच्या नकाशावर वाचावी लागते. असे नकाशे काढणाऱ्या हवामान खात्याचे मुख्य दफ्तर 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या वास्तूस लोक अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. वायव्य भारतापासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेली मोसमी द्रोणी, जिला आपल्याकडे ‘मॉन्सूनचा आस’ म्हणतात, ती हिमालयाच्या पायथ्याशी सरकली की आपल्याकडे पावसाचा खंड पडतो आणि शेतकरी आभाळाकडे पाहत बसतो. उलट कोकण किनाऱ्यालगत द्रोणी तयार झाली, की समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीवर चढून थंडावते, लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी फुगते आणि आळंदीचे घाट पाण्याखाली जातात. हवेतील उणीव अशी नदीत भरून येते.

अर्थशास्त्रातील द्रोणी, म्हणजे मंदीचा तळ, ही तिन्हींत सर्वांत फसवी. कारण तिच्यात उभा असलेल्यास ती ओळखताच येत नाही. एप्रिल 2020 मध्ये करोनाच्या टाळेबंदीत मारुतीची देशांतर्गत मोटारविक्री शून्य झाली, एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न सुमारे 24 टक्क्यांनी घटले, आणि आळंदीशेजारच्या चाकण पट्ट्यात, जिथे मोटारींवरच हजारो कुटुंबांची चूल पेटते, तिथे कंत्राटी कामगारास पुढची पाळी केव्हा लागेल हे सांगणारा कोणताही नकाशा नव्हता. त्याच वर्षी 30 जूनला आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका पायी वारीऐवजी एसटीने पंढरीस गेल्या.

तळ किती उशिरा ओळखता येतो पाहा: अमेरिकेतील मंदीच्या तारखांचा निवाडा करणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या समितीने तिकडचा तळ एप्रिल 2020 मध्येच येऊन गेल्याचे जाहीर केले, ते 19 जुलै 2021 रोजी, म्हणजे सव्वा वर्षाने. आणि त्याच दिवशी पादुका सलग दुसऱ्या वर्षी एसटीत बसून आळंदीहून निघाल्या होत्या.