नित्याच्या वस्तूंचे आगळे संग्रहालय

वस्तुसंग्रहालय म्हटले की राजेरजवाड्यांच्या तलवारी, जुनी नाणी, ताम्रपट आणि भग्न मूर्ती डोळ्यांसमोर उभ्या राहतात. ज्या खुर्चीवर माणूस रोज बसतो किंवा ज्या दिव्याखाली वाचतो, त्या वस्तू जपून ठेवण्याजोग्या आहेत असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जर्मनीच्या नैर्ऋत्य टोकाला, स्वित्झर्लंडमधील बाझल शहराला लागून असलेल्या वाइल आम ऱ्हाइन या गावी मात्र अशाच वस्तूंसाठी एक संग्रहालय आहे. १९८९ साली खुले झालेल्या या संग्रहालयाचे नाव विट्रा डिझाइन म्युझियम.

डिझाइन म्हणजे नक्षी, असा समज व्यवहारात रूढ आहे. वस्तुतः एखादी वस्तू कोणासाठी, कशाची, किती खर्चात आणि कोणत्या रीतीने करावयाची, याचा आधी केलेला विचार म्हणजे डिझाइन होय. या विचाराचा इतिहास तेथे मांडलेला आहे.

आगीनंतरची उभारणी

विट्रा हा फर्निचर तयार करणारा कारखाना. १९८१ साली वीज पडून लागलेल्या आगीत त्याचा मोठा भाग भस्मसात झाला. निकोलस ग्रिमशॉ या ब्रिटिश वास्तुविशारदाने अवघ्या सहा महिन्यांत नवी शेड उभी करून दिली. पुढे मालकांनी असे ठरविले की, या आवारातील नवी बांधकामे निरनिराळ्या देशांतील वास्तुविशारदांकडून करून घ्यावीत. त्यातूनच आजचे प्रेक्षणीय आवार घडले.

संग्रहालयाची इमारत अमेरिकेतील फ्रँक गेरी यांची. युरोपातील ही त्यांची पहिली वास्तू. पांढऱ्या गिलाव्याच्या भिंती, वळत जाणारे जिने, तिरकी छपरे आणि एकमेकांत घुसलेले आकार पाहून प्रथमदर्शनी मनुष्य बुचकळ्यात पडतो. पण आत पाऊल टाकताच उलगडा होऊ लागतो. दालने शांत व प्रशस्त आहेत आणि छतातील झरोक्यांमधून वरचा उजेड आत उतरतो. बाहेरून जो आकार विक्षिप्त वाटला, तो आतील जिना किंवा उजेडाची वाट असल्याचे ध्यानी येते.

जवळच झहा हदीद यांनी बांधलेले अग्निशमन केंद्र आहे. १९९३ साली पूर्ण झालेल्या या केंद्राच्या काँक्रीटच्या टोकदार, कललेल्या भिंती जणू धावत सुटल्या आहेत असे वाटते. कारखान्याच्या स्वतःच्या अग्निशमन दलासाठी ते बांधले होते. पुढे ते काम सार्वजनिक दलाकडे गेले आणि वास्तू प्रदर्शनांसाठी व समारंभांसाठी वापरात आली. वास्तू कितीही देखणी असली तरी तिचा उपयोग काळानुसार बदलतो, हा धडाही तेथे मिळतो.

खुर्चीची गोष्ट

संग्रहालयाच्या संग्रहात फर्निचरचे सुमारे ७,००० नमुने आहेत. त्यांपैकी सुमारे ४०० निवडक नमुने मांडण्यासाठी २०१६ साली विटांची एक स्वतंत्र इमारत बांधण्यात आली. तेथे खुर्चीचा प्रवास पाहावयास मिळतो.

मिखाएल थोनेट यांनी १८५९ साली तयार केलेली 'क्रमांक १४'ची खुर्ची घ्या. बीच झाडाचे लाकूड वाफेने मऊ करून वाकवावयाचे, लाकडाचे सहा भाग दहा स्क्रू आणि दोन नटांनी जोडावयाचे, एवढीच तिची कृती. सुटे भाग करून छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. त्यामुळे वाहतूक स्वस्त झाली आणि व्हिएन्नातील खुर्ची दूरदेशी पोहोचली.

शंभर वर्षांनंतर डॅनिश रचनाकार व्हर्नर पॅन्टन यांनी एकाच अखंड तुकड्याची प्लॅस्टिकची खुर्ची घडविली. पुढे त्याच वाटेने आलेली, हातांची साधी प्लॅस्टिक खुर्ची आज गावोगावच्या लग्नमंडपांत आणि ग्रामसभांत दिसते. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबले की मिनिटाभराच्या आत ती तयार होते. हलकी, एकावर एक रचता येणारी आणि गरिबाला परवडणारी. परंतु मोडली की दुरुस्त न होणारी. या खुर्चीवर संग्रहालयाने २०१७ साली खास प्रदर्शन भरविले होते.

भारताशी नाते

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याच्या कामाचा मोठा ठेवा या संग्रहालयात आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून हे दांपत्य येथे आले आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल सादर केला. आपल्या देशात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांनी सर्वाधिक गौरव केला तो साध्या लोट्याचा. तो डोक्यावर, कमरेवर वा हाती कसा धरला जातो, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, धार कशी पडते, घासावयास तो सोपा आहे काय, असे प्रश्न त्यांनी विचारले. या अहवालाच्या आधारे १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली.

पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या कार्याचे प्रदर्शन २०१९ साली या संग्रहालयात भरले होते. इंदूर येथील अरण्य वसाहत ही त्यांचीच. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना जोते, शौचालय आणि पाण्याची सोय करून द्यावी, उरलेले घर त्यांनी ऐपतीनुसार वाढवावे, हा तिच्यामागील विचार. दोशी यांचे २०२३ साली निधन झाले. विट्राच्या आवारात त्यांनी संकल्पिलेले विसाव्याचे स्थान २०२५ साली पूर्ण झाले.

आपल्या घरातील संग्रह

वाइल आम ऱ्हाइनला जाणे प्रत्येकास शक्य नाही. परंतु तेथील दृष्टी अंगीकारण्यास प्रवासखर्च लागत नाही. घरोघरचे तांबे-पितळेचे लोटे आणि घागरी आज मोडीत जात आहेत. सूप, पाटी, पाट, पाटा-वरवंटा अडगळीत पडत आहेत. वस्तू गेली की ती घडविणारा हात थांबतो आणि तिच्यामागचा विचारही विस्मृतीत जातो.

शाळेच्या एका कपाटात अशा दहा वस्तू ठेवून प्रत्येकीखाली तिचे स्थानिक नाव, घडविणाऱ्या कारागिराचा व्यवसाय, वापरलेला पदार्थ आणि तिच्या आकाराचे कारण विद्यार्थ्यांकडून लिहून घेतल्यास गावाचे स्वतःचे संग्रहालय सुरू होईल. सुपाचे एक तोंड उघडे का, घागरीचा गळा अरुंद का, याचे उत्तर गावातील वयोवृद्धांपाशी आजही मिळते. ते विचारून ठेवण्याची वेळ हीच आहे.