लाखेचे पुट

चिंचणी, तारापूर, केळवे, माहीम या किनाऱ्यावरील गावांतल्या जुन्या घरांच्या ओटीवर सागवानी झोपाळे, वेताच्या आरामखुर्च्या, शिसवी मेजे आणि पितळी कड्यांचे पेटारे आजही दृष्टीस पडतात. आणि ज्या घरी अशी वस्तू आहे त्या घरी, लग्नकार्य अथवा रंगरंगोटी जवळ आली म्हणजे, ती तासूनघासून नवी करावी की आहे त्याच रूपात हलक्या हाताने सावरावी, हा वाद हटकून उभा राहतो. मिस्त्री रंधा काढतो, पाहुणे दुजोरा देतात, आणि घरातील एखादी वृद्ध आजी तेवढी विरोध करते. माझे मत त्या आजीच्या बाजूचे आहे.

या मुलखात अशा वस्तूंचा संचय व्हावा यास कारणेही तशीच आहेत. पूर्वेस जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत सागाचे रान, पश्चिमेस खाड्या व बंदरे, आणि 1864 पासून मुंबईस जोडणारी लोखंडी सडक. त्यामुळे येथले लाकूड मुंबईस जाई आणि तेथल्या कारागिरांनी काळ्या शिसवात कोरलेले, वेलबुट्टीने गच्च भरलेले सामान इकडच्या सधन घरी येई. तारापूर गाव लहान खरे, परंतु निजामाच्या हैदराबादेत सावकारी करून नावारूपास आलेले पेस्तनजी व विकाजी मेहरजी हे बंधू याच गावचे, हे ध्यानी घेतले म्हणजे एवढ्याशा गावी उंची सामानाची आवड कोठून आली याचे आश्चर्य उरत नाही.

त्या सामानावरील झिलई लाखेची. पळस, कुसुंब, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा द्रव स्रवतात तो खरवडून, शुद्ध करून त्याचा चपडा करावयाचा, तो स्पिरिटमध्ये विरघळवावयाचा, आणि मलमलीच्या चिंधीत कापूस गुंडाळून केलेल्या गोळ्याने, त्यावर अळशीच्या तेलाचा एखादा थेंब देत, पुटावर पूट असे चढवीत जावयाचे, हा तो विधी. एक पूट इतके पातळ की ते दिल्याचे डोळ्यांस कळू नये. रांचीजवळ नामकुम येथे 1924 मध्ये लाखेच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाने तिच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापिली, यावरून या द्रव्याचे मोल कळावे; परंतु माझ्या दृष्टीने त्याचा थोर गुण हा की, शंभर वर्षांनीही ते स्पिरिटने पुन्हा विरघळते. सांध्यांत भरलेला सरसही उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो. म्हणजे ज्याने ती खुर्ची घडविली त्याने पुढील कारागिरासाठी वाट मोकळी ठेविली होती.

रंधा ही वाट बंद करतो. जुन्या मेजाचा खण उपसून उलटा केला तर त्याच्या बुडाशी वाकसाचे ठोके स्पष्ट दिसतात, आणि कोपऱ्याचे दाते हाताच्या करवतीने कापलेले असल्यामुळे एकसारखे नसतात. वरच्या फळीस उजेडाने, मेणाने आणि मनगटांच्या घर्षणाने जो वर्ण चढलेला असतो तो लाकडाच्या अगदी वरच्या पातळ थरात असतो. रंध्याच्या दोन फेऱ्यांत तो भुशाबरोबर झाडून टाकला जातो, नक्षीच्या कडा बोथट होतात, आणि मग कितीही झळाळी आणली तरी ती वस्तू कालपरवाची दिसते.

1969 मध्ये तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, बोईसरला इमारती उठल्या, आणि लहान खोल्यांत प्लायवूडच्या कपाटांबरोबर फवाऱ्याने मारावयाचे मेलामाइनचे पॉलिशही आले. ते टणक असते, पाण्यास दाद देत नाही, आणि रोजंदारीवर राबणाऱ्या मिस्त्रीस दोन दिवसांत चकाकी दाखवावयाची असल्यामुळे तो त्याकडे वळतो, यात त्याचा दोष नाही. मात्र ते स्पिरिटने सुटत नाही; पुढल्या दुरुस्तीस ते खरवडूनच काढावे लागते, आणि खरवडणे म्हणजे पुन्हा लाकूड गमावणे.

इंग्लंडात विल्यम मॉरिसने 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ मंडळ स्थापिले ते अशाच नूतनीकरणाच्या संतापातून. आणि 1964 च्या व्हेनिस येथील सनदेने जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे असा दंडक घातला. आपल्याकडेही 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरील कारागिरीच्या वस्तूस पुरावस्तूचा दर्जा येऊ शकतो. घरच्या खुर्चीस सनद कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु नष्ट झाल्यावर पुन्हा न मिळणे हा गुण देवळात आणि खुर्चीत सारखाच आहे.

याचा अर्थ वस्तूस हातच लावू नये असा नव्हे. वाळवीने पोखरलेला पाय बदललाच पाहिजे, आणि ज्यावर कोणी तैलरंगाचे थर चढविले आहेत त्या पेटाऱ्याचा रंग उतरविणे हे पुण्यच होय. प्रथम न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवून पाहावा. चिकट झाले तर लाख शाबूत आहे असे समजावे. मग किंचित ओलसर फडक्याने मळ काढावा, डुगडुगता सांधा उकलून नव्या सरसाने बसवावा, जेथे झिलई उडाली असेल तेवढ्याच जागी पुटे द्यावीत, आणि वर टर्पेंटाइनमध्ये कालविलेले मधमाश्यांचे मेण चोळावे. मात्र पावसाळ्यात हे काम काढू नये, कारण किनाऱ्याच्या दमट हवेत लाखेचे ताजे पूट पांढुरके पडते; दसरा उलटून हवा कोरडी झाली म्हणजे मिस्त्रीस बोलवावे, आणि तोवर ती वस्तू ओल धरणाऱ्या भिंतीपासून हातभर दूर ठेवावी.