मेंदूचा कारभार आणि घरातील साधी साधने

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रिया, औषधांवरील खर्च आणि देणगीदारांची नामावली यांना हक्काचे स्थान असते. रुग्ण बरा होऊन घरी गेल्यानंतर त्याचे काय होते, याची नोंद मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. डोक्याला मार लागलेल्या अथवा पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या बाबतीत हा नंतरचा काळच कसोटीचा असतो. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात व त्यांपैकी दुसरा पुढे जळगावमार्गे जातो. त्यामुळे अपघातग्रस्तांची सेवा खानदेशातील रुग्णालयांना नित्याचीच आहे. टाके निघतात, चालणे-बोलणे पूर्ववत होते, घरची मंडळी समाधानाने निरोप घेतात. काही महिन्यांनी तीच मंडळी तक्रार घेऊन येतात. ‘साहेब, माणूस दिसायला धडधाकट आहे, पण नुसता बसून राहतो. गोळी घ्यायची हे त्याला ठाऊक असते, तरी घेत नाही. बँकेत जायला निघतो आणि बाजारातूनच परत येतो.’ तोपर्यंत घरात त्याला आळशी, हट्टी, कामचुकार अशी विशेषणे लागलेली असतात.

वस्तुतः हा दोष स्वभावाचा नसून दुखापतीचा असू शकतो. एखाद्या पेढीत माल आहे, भांडवल आहे, नोकरचाकर आहेत. परंतु कोणते काम आधी, कोणते नंतर हे ठरविणारा मुनीमच रजेवर गेला, तर व्यवहार जसा ठप्प होईल, तसेच येथे घडते. कपाळामागील मेंदूचा भाग व त्याचे इतर भागांशी असलेले जाळे हे काम सुरू करणे, त्याचा क्रम लावणे, हाती घेतलेली गोष्ट ध्यानात ठेवणे, मोह आवरणे आणि चूक दिसताच मार्ग बदलणे अशी मुनिमाची कामे करतात. यांना कार्यकारी कौशल्ये म्हणतात. चंचलतेचा विकार असलेली मुले व स्मृतिभ्रंशाचे वृद्ध यांच्यातही ही कौशल्ये कमी पडतात. निदान अर्थातच डॉक्टरांनी करावयाचे असते.

आतला मुनीम अशक्त असेल, तर त्याच्या कामाचा काही भार बाहेरच्या साधनावर टाकता येतो. ही कल्पना आपल्या भागास नवीन नाही. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेची वाट पाहत शेतकरी जागत बसत नाही. पंपाला बसविलेला ऑटोस्विच ते काम करतो. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या ‘नॅनो गणेश’ यंत्रणेने तर दूरवरचा पंप मोबाईलवरून चालू-बंद करता येऊ लागला. १९७३ पासून घरोघरी पोहोचलेल्या ‘कालनिर्णय’च्या चौकटींत दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहिणारी गृहिणीही आपल्या स्मरणशक्तीचे ओझे भिंतीवरच उतरवीत असते.

वैद्यकशास्त्रातही याचा पडताळा घेतला गेला आहे. अमेरिकेत डोक्यास इजा झालेल्या मुलाच्या अभियंता वडिलांनी एका मेंदूमानसतज्ज्ञाच्या साहाय्याने पेजरवर वेळच्या वेळी सूचना पाठविणारी पद्धत तयार केली. इंग्लंडमध्ये डॉ. बार्बरा विल्सन व सहकाऱ्यांनी १४३ जणांवर तिचा अभ्यास केला व तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक व्यक्तींना पेजर असताना नित्याची कामे पार पाडण्यात लक्षणीयरीत्या अधिक यश आले. पेजर काळाआड गेला. परंतु ते काम आज साधा मोबाईलही करतो.

नातेवाइकांसाठी पुढील सूचना उपयुक्त ठरतील.

१) एका गजरास एकच काम जोडावे. फोनच्या पडद्यावर ‘औषध’ एवढे न लिहिता ‘जेवण झाले, निळ्या डबीतील एक गोळी घ्या’ असे स्पष्ट लिहावे.

२) वाचता न येणाऱ्यांसाठी नातवंडांच्या आवाजात, घरच्या अहिराणीत अथवा लेवा बोलीत, सूचना ध्वनिमुद्रित करावी. ओळखीचा आवाज अनेकदा अधिक मानला जातो.

३) काम कृतीच्या वेळी व कृतीच्या जागी आठवले पाहिजे. सकाळी दिलेली सूचना दुपारी उपयोगी पडत नाही.

४) मोठ्या कामाचे तुकडे करावेत. मोटार सुरू करण्याच्या किंवा चहा करण्याच्या पायऱ्यांची छायाचित्रे क्रमाने काढून फोनमध्ये ठेवावीत अथवा भिंतीवर लावावीत.

५) शेगडीवर भांडे ठेवताच मिनिटांचा गजर लावण्याची सवय लावावी. तरीही आरंभी स्वयंपाकघरात कोणीतरी सोबत असावे.

६) औषधांसाठी वारांच्या कप्प्यांची डबी ठेवावी. रिकामा कप्पा गोळी काढली गेल्याचे सांगतो व तीच गोळी पुन्हा घेतली जाण्याचा धोका कमी होतो.

शेवटची सूचना किरकोळ समजू नये. पक्षाघातानंतर रक्तदाबाची गोळी चुकत राहिली, तर दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो. फिटच्या गोळ्यांत खंड पडल्यास फिट पुन्हा येऊ शकते. राहिलेली मात्रा दुप्पट घेऊन भरून काढू नये, डॉक्टरांना विचारावे.

साधनांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दिवसाला वीस गजर लावले, तर एकाकडेही लक्ष जात नाही. दोन-तीन महत्त्वाच्या कामांपासून आरंभ करावा. ज्या फोनने आठवण द्यावयाची, तोच चित्रफितींत गुंतवून ठेवीत असेल, तर साधा बटणांचा फोन बरा. मोह आवरणे कठीण जात असल्यास मोबाईलवरून पैसे देण्याची मर्यादा कमी ठेवावी. मात्र हे सर्व रुग्णास विश्वासात घेऊन करावे. गजर लावून देणारा, डबी भरणारा आणि आठवड्यातून एकदा सर्व तपासणारा माणूस घरात हवाच.

गजर वाजल्यावर माणूस उठून स्वतः गोळी घेतो, त्या दिवशी घरातील एक भांडण टळते आणि त्याचा स्वतःवरील विश्वास थोडा परत येतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी त्याला दूषण देण्यापूर्वी पुनर्तपासणीच्या दिवशी ही अडचण डॉक्टरांपुढे अवश्य मांडावी. हितचिंतकांनीही आपल्या दुकानात, शेतावर किंवा कार्यालयात अशा व्यक्तीस पुन्हा कामावर घेताना कामांची यादी लेखी द्यावी आणि थोडा धीर धरावा, ही नम्र विनंती.