बंदूक वारसाने येते, परवाना येत नाही

कोकणात आणि विदर्भात अनेक शेतकरी घरांत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतलेली बंदूक असते, ठासणीची किंवा बारा बोअरची. परवाना वडिलांच्या नावावर. वडील गेले की दिवसकार्य होतं, सातबाऱ्यावर वारसनोंद होते, बँकेत मृत्यूचा दाखला दिला जातो. बंदूक मात्र माळ्यावर तशीच पडून राहते. 'आपलीच तर आहे,' असं घरातल्या सगळ्यांना मनापासून वाटत असतं. इथेच मोठी चूक होते.

१९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवाना व्यक्तीला मिळतो, घराला नाही. बंदुकीची मालमत्ता म्हणून जी किंमत असेल तिच्यावर वारसांचा हक्क येतो. ती जवळ बाळगण्याचा अधिकार मात्र परवानाधारकाबरोबर संपतो. विनापरवाना बंदूक बाळगल्यास, २०१९च्या दुरुस्तीनंतर, किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आणि दंड अशी शिक्षा आहे.

म्हणून पहिलं काम बंदूक जमा करण्याचं. कलम २१ सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावीत. स्वतः बंदूक खांद्यावर टाकून निघण्याआधी ठाण्याला कळवा आणि ती कशी आणायची ते विचारून घ्या. जमा करताना बंदुकीचा क्रमांक, बनावट आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या. पुढचं सगळं त्या कागदावर उभं राहतं. जमा केल्याने हक्क जात नाही. ठरलेल्या मुदतीत वारस स्वतः परवाना मिळवून ती परत घेऊ शकतो किंवा पात्र माणसाला विकू शकतो. मुदत उलटू दिली तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते.

दुसरं काम अर्जाचं. शस्त्र नियम २०१६ मधला नियम २५ खास वारसांसाठी आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, जमा पावती आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. भावाबहिणींत जमिनीवरून धुसफुस असेल तर हे प्रतिज्ञापत्रच अडकतं, म्हणून ते आधी मिळवा. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. पोलीस चौकशी होते, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. वारस आहे म्हणून यातलं काही माफ होत नाही, आणि ते योग्यच आहे: वडील जबाबदार होते, यावरून मुलगा जबाबदार आहे हे ठरत नाही. एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, हीही मर्यादा वारसाला लागू आहे.

नियम २५ची दुसरी बाजू फार थोड्यांना माहीत असते. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं असली, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. मला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कागद कुठे आहेत हे सांगणारा माणूस समोर असतो, आणि भावंडांची संमतीही त्याच्या शब्दाने मिळते. मात्र मुलाच्या हाती परवाना येईपर्यंत बंदूक वडिलांच्याच ताब्यात राहिली पाहिजे. परवानाधारक दुसऱ्या परवानाधारकाला खासगीत बंदूक विकतो किंवा देतो, तेव्हा जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं.

वाड्याच्या भिंतीवर टांगलेल्या जुन्या बंदुकीचं काय? दुरुस्त करूनही जी चालूच शकत नाही, अशा पुरातन किंवा कालबाह्य शस्त्राला कायद्यात सूट आहे. पण ती चालत नाही, हे घरच्यांनी आपल्या मनाने ठरवू नये. पोलिसांना दाखवून लेखी नोंद करून घ्यावी.

घरात परवान्याची बंदूक असेल आणि वडिलांनी सत्तरी ओलांडली असेल, तर त्यांच्याशी आजच बोला आणि नियम २५चा अर्ज त्यांच्याच सहीने द्या.