मेंढा-लेखाचे रान आणि हवेतील कर्ब

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड वायू आज ४२० भागांच्या वर गेला असून, पृथ्वीच्या वाढत्या तापमानाचे ते प्रधान कारण होय. वृक्ष हा वायू पानांवाटे घेऊन त्यातील कर्बाचे लाकूड घडवितो, आणि वाळलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन या कर्बाचेच असते. म्हणूनच रान पेटले की तो संचय पुन्हा हवेच्या खाती जमा होतो. युगानुयुगे भूगर्भात पडून असलेला कोळसा उपसून जाळणाऱ्या जगाचे सारे देणे अरण्यांनी फेडावे, ही अपेक्षा मात्र अवास्तव आहे.

तरीही उभे रान राखावे कोणी, हा प्रश्न उरतोच; आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्याने गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाकडे अवश्य पाहावे. जेथे निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतात, अशा या गावाने वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. हक्काचा कागद हाती आला, तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना दप्तरातच अडकला (कायदा पुढे आणि अंमल मागे, ही आपली जुनीच रीत!), आणि अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये, केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावी आले तेव्हा, परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बांबूच्या बेटातील कोवळे कोंब राखून पक्व बांबू तेवढेच काढले, तर बेट वर्षानुवर्षे उत्पन्न देते. आणि ज्याचे उत्पन्न आपल्याच गावी येणार, त्या बेटावर कोयता सहसा जपूनच चालतो.